परदेशात कार्ड वापरलं की दर वेळी जास्त पैसे कापले जातात? आधी कापतंय कोण ते शोधा

प्रवासाहून परत यावं, कार्डाचं स्टेटमेंट उघडावं आणि प्रत्येक खर्चापुढे आपल्या अंदाजापेक्षा थोडा मोठाच आकडा दिसावा. एखाद्या वेळी झालं तर दरात चढउतार झाली असेल म्हणून आपण सोडून देतो. पण दर प्रवासात हेच होत असेल तर त्याला ठरावीक कारण असतं, आणि स्टेटमेंट हातात असेल तर ते घरबसल्या शोधता येतं.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: परकीय व्यवहारावर शुल्क न लावणारं कार्ड घ्या. मीही घेतलं होतं. तरी पुढच्याच प्रवासात हॉटेलचं बिल सहा टक्क्यांनी फुगून आलं. चिडून बँकेला फोन केला, तर तिकडून उत्तर आलं की आम्ही यावर काहीच शुल्क लावलेलं नाही. बँक खरं सांगत होती. पैसे कापले गेले होते हॉटेलच्या काउंटरवर, बँकेपर्यंत व्यवहार पोहोचण्याच्या आधीच. तेव्हापासून माझं ठाम मत झालं आहे की नवं कार्ड शोधण्याआधी जुन्या स्टेटमेंटचा हिशेब करावा. कारण पैसे कापणारे वेगवेगळे असतात आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा असतो. चुकीच्या ठिकाणी इलाज केला तर दुखणं तसंच राहतं.

कात्री कुठे कुठे लागते

परक्या चलनातला व्यवहार आधी व्हिसा किंवा मास्टरकार्डसारख्या नेटवर्ककडे जातो. नेटवर्क स्वतःच्या त्या दिवसाच्या दराने रकमेचं तुमच्या चलनात रूपांतर करतं. हा दर घाऊक बाजारातल्या दराच्या बराच जवळ असतो आणि दोन्ही नेटवर्क तो आपापल्या संकेतस्थळावर तारखेनुसार दाखवतात. इथे सहसा फारसं नुकसान होत नाही.

त्यावर तुमची बँक आपला वाटा लावते. याला कुठे फॉरेन ट्रान्झॅक्शन फी म्हणतात, कुठे मार्कअप. साधारण १ ते ३ टक्के. नेटवर्क सीमापार व्यवहारासाठी बँकेकडून जे शुल्क घेतं तेही बहुधा यातच मिसळलेलं असतं. काही बँका टक्केवारीबरोबर दर व्यवहारामागे ठरावीक किमान रक्कमही लावतात. तुमच्या कार्डाला असं किमान शुल्क असेल तर दिवसात दहा छोट्या खरेद्या करणं एका मोठ्या खरेदीपेक्षा कितीतरी महाग पडतं.

तिसरी कात्री दुकानातल्या मशीनवर लागते. तिचं नाव डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन, थोडक्यात डीसीसी. दुकानदाराच्या बाजूची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी तिथल्या तिथे रक्कम तुमच्या घरच्या चलनात बदलून देते, स्वतःच्या दराने. त्या दरात ३ ते ७ टक्के सहज मुरवलेले असतात, कधी त्याहूनही जास्त. हॉटेलात मला लागली ती हीच. शुल्कमुक्त कार्डाचा तिच्यापुढे काही उपयोग नाही, कारण बँकेकडे रक्कम येते तीच मुळात वाढून आलेली असते.

स्टेटमेंटवरून निदान

एक व्यवहार घ्या आणि कागदावर मांडा. समजा तिथल्या चलनात २०० चं बिल झालं. नेटवर्कचा त्या दिवसाचा दर १.२५ होता. म्हणजे कात्री लागलीच नाही तर तुमच्या चलनात २५० दिसायला हवेत.

स्टेटमेंटवर २५७.५० असतील तर फरक साडेसात, म्हणजे बरोबर ३ टक्के. हे बँकेचं शुल्क. काही बँका ते रकमेतच मिसळतात, काही पुढच्या ओळीत वेगळं दाखवतात. त्यामुळे लगेचची ओळ वाचल्याशिवाय हिशेब पुरा झाला असं समजू नका.

२६५ असतील तर ६ टक्के. बँक इतकं सहसा घेत नाही. इथे डीसीसीचा संशय घ्यायचा.

आणि २७२.९५ असतील तर दोन्ही कात्र्या लागल्या आहेत. आधी मशीनवर ६ टक्के वाढून २५० चे २६५ झाले, मग बँकेने त्या २६५ वर आणखी ३ टक्के घेतले, म्हणजे ७.९५. एकूण ९ टक्क्यांच्या वर. हे कसं शक्य आहे, रक्कम तर आपल्याच चलनात होती ना, असं पुष्कळांना वाटतं. पण अनेक बँका शुल्क लावताना चलन बघत नाहीत, व्यवहार परदेशातल्या दुकानदाराशी झाला का हे बघतात. म्हणून घरच्या चलनात पैसे दिले की परकीय शुल्क टळतं हा समज फार महागात पडतो.

डीसीसीची खात्रीची खूण टक्केवारीपेक्षाही सोपी आहे. स्टेटमेंटवर परदेशी व्यवहारापुढे मूळ चलन आणि मूळ रक्कम छापलेली असते. दुकान परदेशातलं आणि मूळ चलन मात्र तुमचं घरचं असेल, तर रूपांतर मशीनवरच झालं होतं. दुसरी शंका उरत नाही.

एक काळजी घ्या. नेटवर्क दर लावतं तो व्यवहार त्याच्याकडे पक्का होऊन पोहोचतो त्या दिवसाचा, तुम्ही कार्ड लावलं त्या दिवसाचा असेलच असं नाही. मध्ये एक-दोन दिवस, कधी जास्तही जातात. त्यामुळे तुलना करताना आजूबाजूच्या दोन-तीन दिवसांचे दर पाहा. अर्धा टक्का इकडे-तिकडे झाला तर ती दराचीच हालचाल असते, तिच्यामागे लागू नका.

मशीनवर लागणारी कात्री

इथे जरा थांबून सांगते, कारण नुकसान सगळ्यात जास्त इथे होतं आणि थांबवायला सगळ्यात सोपंही हेच आहे.

कार्ड लावलं की मशीन कार्डाचे सुरुवातीचे आकडे वाचतं. ते आकडे कार्ड कुठल्या बँकेचं आणि कुठल्या देशातलं हे सांगतात. पूर्वी ही ओळख सहा आकड्यांची होती, एप्रिल २०२२ पासून नेटवर्कांनी ती आठ आकड्यांची केली. मशीनला कळतं की कार्ड परकं आहे आणि पडद्यावर दोन रकमा येतात. वर तुमच्या घरच्या चलनातली, ठळक, ओळखीची. खाली तिथल्या चलनातली. बारीक अक्षरात दर. दमलेला माणूस ओळखीच्या आकड्यावर बोट ठेवतो. स्वाभाविक आहे ते. किती खर्च झाला हे लगेच कळतं आणि ‘गॅरंटीड रेट’ असले शब्द धीर देतात. दर पक्का असतो हे खरं, पण तो पक्का असतो महागड्या पातळीवर.

उत्तर नेहमी एकच: तिथलं चलन. युरोची रक्कम युरोत, येनची येनमध्ये. तुमच्या कार्डाला बँकेचं ३ टक्के शुल्क असलं तरीही, कारण घरचं चलन निवडून ते शुल्क टळेल याची काहीच शाश्वती नाही.

पण पुष्कळदा पडदा तुमच्यासमोर येतच नाही. मशीन कर्मचाऱ्याच्या हातात असतं, तो सवयीने बटण दाबतो आणि मग फक्त पिन टाकायला मशीन तुमच्याकडे वळवतो. त्यात लबाडीच असते असं नाही. अनेकांना तसंच शिकवलेलं असतं, आणि रूपांतराच्या नफ्यातला हिस्सा दुकानालाही मिळतो. म्हणून मी कार्ड देतानाच सांगते, “तिथल्याच चलनात करा.” आणि पिन टाकण्याआधी पडद्यावरच्या रकमेपुढचं चलन वाचते. नुसत्या चिन्हावर जाऊ नका. डॉलरचं चिन्ह अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर सगळीकडे तेच, येन आणि युआनचंही तेच. खात्री होते ती तीन अक्षरी कोडवरून, आयएसओ ४२१७ या मानकातल्या. यूएसडी, सीएडी, एयूडी, जेपीवाय असं लिहिलेलं असतं. निघण्याआधी जिथे जाणार तिथल्या चलनाचा कोड पाठ करून ठेवा.

टॅप करून पैसे देताना हा प्रश्न टळतो असं समजू नका. मोबाइलवरून टॅप केलं तरी मागे कार्ड तेच असतं, बँकेचं शुल्कही तेच आणि मशीनवरची विचारणाही येऊ शकते.

चुकून घरच्या चलनात झालंच, आणि तुम्ही अजून काउंटरवर असाल, तर स्लिप परत द्या. व्यवहार रद्द करून तिथल्या चलनात पुन्हा करायला सांगा. दिवसाचा हिशेब बँकेकडे जाण्याआधी मशीनवर रद्द करणं सोपं असतं. दुकानातून बाहेर पडलात की तेच काम कित्येक पटीने अवघड होतं. मशीनला पर्यायच येत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. व्हिसा आणि मास्टरकार्ड दोघांच्याही नियमांप्रमाणे चलन निवडण्याचा हक्क कार्डधारकाचा आहे, दुकानदाराला ते परस्पर ठरवता येत नाही.

युरोपीय संघात हे थोडं सोपं झालं आहे. २०१९ साली तिथे केलेल्या नियमानुसार १९ एप्रिल २०२० पासून मशीनवर किंवा एटीएमवर रूपांतर देऊ करणाऱ्याला, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या ताज्या दराच्या तुलनेत आपण किती टक्के जास्त घेतोय हे व्यवहाराआधी दाखवावं लागतं. तो टक्क्याचा आकडा एकदा डोळ्यांनी पाहिला की पुढे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

हॉटेल आणि भाड्याची गाडी यांच्याबाबतीत जास्त जपा. तिथे कार्ड आधी घेतात आणि रक्कम नंतर पक्की होते. माझ्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं. खोली घेताना समोर एक कागद आला, त्यावर नाव, पासपोर्ट क्रमांक आणि खाली लहान अक्षरात एक ओळ: मला चलनाची निवड देण्यात आली होती आणि मी माझं चलन निवडलं आहे. मला कुणी काही विचारलंच नव्हतं. रात्रीच्या प्रवासानंतर मी सही करून मोकळी झाले. चार दिवसांनी निघताना रक्कम त्याच सहीच्या आधारे घरच्या चलनात लागली. आता मी ती ओळ शोधते, त्यावर काट मारते, तिथल्या चलनाचं नाव हाताने लिहिते आणि त्या कागदाचा फोटो काढून ठेवते.

एटीएमवर

एटीएमवर कात्र्या आणखी वाढतात. मशीन चालवणाऱ्याचं स्वतःचं शुल्क, तुमच्या बँकेचं परदेशी रोख काढण्याचं शुल्क, त्यावर टक्केवारीचं शुल्क, आणि इथेही डीसीसी. रोख कमी वेळा आणि एकदम काढली तर ठरावीक शुल्कांचा भार हलका होतो. मात्र जवळ बाळगायला सुरक्षित वाटेल तेवढीच काढा.

एटीएमचा डीसीसी पडदा फसवा असतो. ‘विथ कन्व्हर्जन’ आणि ‘विदाउट कन्व्हर्जन’ अशी दोन बटणं असतात, किंवा ‘अॅक्सेप्ट’ आणि ‘डिक्लाइन’. डिक्लाइन दाबलं तर पैसेच मिळणार नाहीत अशी भीती वाटते. तसं होत नाही. तुम्ही नाकारता ते फक्त रूपांतर, पैसे तिथल्या चलनात बाहेर येतात. एखाद्या मशीनने खरोखरच व्यवहार थांबवला तर कार्ड घ्या आणि दुसऱ्या मशीनवर जा. बँकेच्या शाखेला लागून असलेली मशीनं मी पसंत करते. पर्यटकांच्या रस्त्यांवर एकटी उभी असलेली, चकचकीत, स्वतंत्र कंपन्यांची मशीनं टाळते, कारण तिथे शुल्क आणि दर दोन्ही चढे असतात असा माझा अनुभव आहे.

क्रेडिट कार्डाने रोख काढू नका. त्यावर रोख काढण्याचं वेगळं शुल्क लागतं आणि व्याज बहुधा पहिल्याच दिवसापासून सुरू होतं, बिलाच्या तारखेपर्यंतची सवलत मिळत नाही. क्रेडिट कार्डाने परकीय चलन विकत घेणं, कॅसिनोचे टोकन घेणं, कधी कधी वॉलेटमध्ये पैसे भरणं, हेही बँका रोख काढल्यासारखंच धरतात. स्टेटमेंटवर अनाकलनीय व्याज दिसलं तर आधी हे तपासा.

घरी बसून केलेल्या खरेदीतही

प्रवास केलाच नाही, तरी परकीय शुल्क लागलं? मग परदेशातल्या कंपनीची वर्गणी, अॅप किंवा तिकीट शोधा. किंमत घरच्या चलनात दाखवलेली असली तरी पैसे घेणारं खातं दुसऱ्या देशात असेल तर बँक सीमापार शुल्क लावू शकते. यावर हमखास उपाय एकच आहे, त्या कंपनीची तुमच्या देशातली शाखा पैसे घेते का ते पाहणं. ते नसेल तर दर महिन्याच्या वर्गणीऐवजी वर्षाची एकदम भरा, विशेषतः बँक किमान शुल्क लावत असेल तर. टक्केवारी तीच राहते, पण किमान शुल्क बाराऐवजी एकदाच बसतं.

विमानकंपन्यांच्या आणि हॉटेल आरक्षणाच्या संकेतस्थळांवर चलन निवडायची यादी असते. तिथे तुमचं चलन आपोआप निवडलेलं असतं, आणि तो दर त्या संकेतस्थळाचा असतो. पैसे भरण्याच्या शेवटच्या पानावर मूळ चलन निवडून रक्कम पुन्हा बघा. काही ऑनलाइन वॉलेटही स्वतःच्या दराने रूपांतर करतात. त्यांच्या सेटिंगमध्ये रूपांतर कार्ड देणाऱ्या बँकेने करावं असा पर्याय बऱ्याचदा असतो, फक्त तो दोन-तीन पानं आत असतो.

परकीय चलन भरलेली कार्डं

आधीच चलन भरून नेण्याची कार्डं चांगली वाटतात, आणि एकाच चलनाच्या देशात लांब मुक्काम असेल तर ती सोयीचीही असतात. त्यांचं दुखणं तेव्हा सुरू होतं जेव्हा कार्डात एक चलन असतं आणि खर्च दुसऱ्यात होतो. डॉलर भरले आणि वाटेत दोन दिवस युरोच्या देशात थांबलात, तर चलन बदलाचं वेगळं शुल्क लागतं. शिवाय भरताना दर, पुन्हा भरताना शुल्क, परत आल्यावर उरलेले पैसे काढताना पुन्हा दर, आणि बराच काळ न वापरल्यास त्याचंही शुल्क. काही बहुचलनी खाती शनिवार-रविवारी बाजार बंद असतो म्हणून दर थोडा चढा ठेवतात. शुक्रवारी बदलून घेतलं तर ते वाचतं.

अशा कार्डावर हॉटेलने किंवा स्वयंचलित पेट्रोल पंपाने रक्कम अडकवून ठेवली तर तेवढे पैसे कित्येक दिवस वापरता येत नाहीत. ठेव म्हणून क्रेडिट कार्ड द्या आणि खर्च या कार्डावर करा.

परतावा मिळाला की तोही त्या दिवसाच्या दराने येतो, म्हणून दिलेली आणि परत आलेली रक्कम क्वचितच सारखी असते. यात कुणाची चूक नसते. मात्र मूळ व्यवहारावरचं शुल्क परत आलं का, हे बँकेला जरूर विचारा. काही बँका विचारल्यावरच देतात.

आधीच कापले गेले असतील तर

बँकेचं शुल्क कार्डाच्या शर्तींत लिहिलेलं असेल तर ते परत मिळणं अवघड. डीसीसीचं तसं नाही. तुम्हाला निवड दिलीच नव्हती, किंवा तुम्ही तिथलं चलन मागूनही घरच्या चलनात लावलं, तर चुकीच्या चलनात व्यवहार झाला या कारणावरून बँकेकडे वाद दाखल करता येतो. नेटवर्कच्या नियमांत त्यासाठी जागा आहे. फोनवर ‘जास्त पैसे कापले’ एवढंच सांगितलं तर समोरची व्यक्ती दर समजावून सांगते आणि फोन ठेवते. त्याऐवजी लेखी द्या: ‘या तारखेच्या व्यवहारात माझ्या संमतीशिवाय डीसीसी लावण्यात आलं, रक्कम मूळ चलनात आकारावी.’ मूळ चलनातली रक्कम, लावलेली रक्कम आणि नेटवर्कचा त्या दिवसाचा दर, तिन्ही आकडे लिहा. स्लिपची आणि मूळ बिलाची प्रत जोडा. दुकानाचं बिल तिथल्या चलनात आणि कार्डाची स्लिप घरच्या चलनात असेल, तर दोन्ही शेजारी ठेवून फोटो पाठवा. वादाला मुदत असते, तेव्हा स्टेटमेंट आल्याच्या आठवड्यातच हे करा.

स्लिपवर ‘मी चलन निवडलं’ असं छापलेलं असेल आणि खाली तुमची सही असेल तर बँक पहिल्यांदा नकार देईल. पिन किंवा टॅपने झालेल्या व्यवहाराच्या स्लिपवर ती ओळ आपोआप छापली जाते आणि खाली सही नसते, हे उत्तरात लिहा आणि दुकानदाराने निवड खरोखर विचारल्याचा पुरावा मागा. माझ्या हॉटेलच्या प्रकरणात सही माझीच होती, त्यामुळे ते पैसे गेले. त्याच प्रवासातल्या एका दुकानाची स्लिप बिनसहीची होती. त्या व्यवहारात वाढलेली रक्कम सात आठवड्यांनी खात्यात परत आली.